'अनकॅरॅक्टरिस्टिकली'चे तुकडे ७ की ८?

पाटीपेन्सिल

मंडळी एक शंका आहे, खरं तर दोन. लेक सातवीला, सेमी इंग्लिश. इंग्रजीच्या वर्कशीटमध्ये प्रश्न होता की दिलेल्या ॲडव्हर्बचे सिलॅबल पाडा आणि शेजारच्या रकान्यात त्याच शब्दाचे वर्ड पार्ट्स लिहा. शब्द कुठला तर अनकॅरॅक्टरिस्टिकली. म्हणजे एरवीच्या स्वभावाला सोडून, "आज बाबा अनकॅरॅक्टरिस्टिकली गप्प होते" टाईप.

तिने टाळ्या वाजवून मोजलं आणि लिहिलं अन्-कॅ-रक्-ट-रिस्-टि-क्ली, एकूण ७. बाईंनी काट मारून बाजूला ८ लिहिलंय. दुसऱ्या रकान्यात तिने तेच सात तुकडे परत उतरवून काढले, तिथेही काट, पण तिथे बरोबर उत्तर काय ते लिहिलेलंच नाही. मी मराठी मीडियमवाली, आमच्या वेळी स्पेलिंग घोकायचं आणि गप्प बसायचं एवढंच होतं, त्यामुळे पोरीला काय सांगू कळेना. ७ की ८? आणि वर्ड पार्ट्स म्हणजे सिलॅबलच नाहीत का?

फोनवर मराठीच्या मध्ये रोमन घातलं की ओळी पुढेमागे होतात म्हणून स्पेलिंगपण देवनागरीतच देते, चालवून घ्या. यूएन, सीएचएआरएसीटीईआर, आयएसटीआयसी, एएल, एलवाय. एकूण २० अक्षरं.

एडिसनची_काकू

तिला सांग की तिचं ७ बरोबर आहे गं. इकडे न्यू जर्सीत आमच्या पोरांना टाळ्यांच्या जोडीला हनुवटीची युक्ती शिकवली होती, तळहात आडवा हनुवटीखाली धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके सिलॅबल. कारण सिलॅबलच्या पोटात एक स्वर असतोच आणि स्वर काढायला जबडा थोडातरी उघडावा लागतो. फक्त इ आणि ई ला तोंड फार उघडत नाही, त्यामुळे 'रिस्-टि-क्ली' ला हनुवटी नुसती थरथरल्यासारखी होते आणि पोरं तिथेच गोंधळतात. तिथे सावकाश म्हणायला लावायचं.

इकडे तो 'कॅ'पण नाही म्हणत, 'के' म्हणतात. केरिक्टरिस्टिक्ली. पण मोजणी तीच.

टवाळ_बोका

सातवीला हा शब्द दिला म्हणजे वर्कशीट कुणीतरी नेटवरून उचललंय एवढं नक्की. आम्हाला सातवीत 'ब्यूटिफुल'चं स्पेलिंग येत नव्हतं, अजूनही हात अडखळतो.

खिळेजुळारी

बाईंचा ८ कुठून आला ते सांगतो. त्यांनी (किंवा वर्कशीट करणाऱ्याने) शब्दकोश उघडला. मेरियम-वेबस्टर घ्या, त्यात मूळ शब्दाच्या मध्ये बारीक ठिपके दिलेले असतात, यूएन ठिपका, सीएचएआर ठिपका, एसी ठिपका, टीईआर, मग आयएस, मग टीआय, मग सीएएल, शेवटी एलवाय. मोजलेत तर ८ भरतात. सगळ्यांना वाटतं हे सिलॅबल. नाहीत! ओळीच्या शेवटाला शब्द मावला नाही तर कुठे तोडून संयोगचिन्ह टाकायचं, त्याच्या त्या खुणा आहेत, आणि ही गोष्ट तो कोशच स्वतःच्या सूचनांमध्ये सांगतो, पण सूचना वाचतो कोण. त्याच नोंदीत पुढे उच्चार दिलेला असतो, तो वेगळ्याच जागी तुटतो. तिथे 'रि' आणि 'स्टि' असे तुकडे आहेत आणि ठिपक्यांत मात्र 'आयएस' आणि 'टीआय'. एकाच शब्दाचे एकाच कोशात दोन हिशेब.

खात्री करायची असेल तर अबॉर्ट शब्द काढा. म्हणताना दोन तुकडे, अ-बॉर्ट, पण मूळ शब्दात ठिपका एकही नाही. का? कारण एकटा ए ओळीच्या टोकाला लटकत ठेवणं छपाईत वाईट दिसतं म्हणून तिथे तोडायचंच नाही. ठिपके सिलॅबलचे असते तर तिथे असायला पाहिजे होता की नको?

मी छापखान्यात खिळे जुळवायला लागलो तेव्हा इंग्रजी मजकूर आला की घामच फुटायचा. मराठीत बरं होतं, जोडाक्षर फोडायचं नाही, काना मात्रा त्या अक्षराबरोबर राहतो, बाकी कुठेही तोडा, वाचणारा बोंबलत नाही. इंग्रजीत चुकीच्या जागी तोडलं की प्रूफ लालेलाल होऊन परत. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे रचायच्या पट्टीत, ओळ भरत आली की आधी शब्दांमधले स्पेस बारीक करून बघायचे, नाहीतर जाड करायचे, आणि कशानेच जमलं नाही तर मग शब्दाला हात लावायचा. त्यातही एलवाय एकटं पुढच्या ओळीवर न्यायचं नाही. दोन अक्षरांसाठी संयोगचिन्ह खर्च करायचं, त्यापेक्षा ओळ परत जुळवा, असं आमचे फोरमन म्हणायचे. म्हणजे छपाईच्या हिशेबाने बघितलंत तर पाटीपेन्सिलताईंच्या शब्दाचे वापरता येणारे तुकडे ७ च होतात, पण ते मुलीचे सात नव्हेत! शेवटचा तुकडा सीएएलएलवाय असा जोडूनच राहतो.

एडिसनची_काकू

काका, हे ठिपक्यांचं माहीत नव्हतं. आत्ता नोंद काढून बघितली, उच्चारात शेवटी 'क' आणि 'ली' च्या मध्ये एक उलटा ई आहे पण तो कंसात टाकलाय. म्हणजे म्हटला तर म्हटला नाही तर नाही?

खिळेजुळारी

बरोब्बर. कंसातला स्वर ऐच्छिक. 'टि-क-ली' म्हणणारे म्हणोत, 'टि-क्ली' म्हणणारे म्हणोत. तेव्हा ८ ला चूक म्हणता येणार नाही, पण ७ ला काट मारणं हे साफ चूक.

सहा_बावन्नची_लोकल

यात आपण मराठी लोक फार पुढे आहोत असं माझं मत आहे. बघा ना, आपण दिवसातून पन्नास वेळा 'बेसिकली' म्हणतो, 'टेक्निकली', 'प्रॅक्टिकली', 'ऑटोमॅटिकली'. आणि लिहितो कसं? बेसिकली. कुणीही 'बेसिकॲली' लिहीत नाही. स्पेलिंगमध्ये मध्ये ए-एल ढळढळीत बसलेत पण आपल्या कानाला ते कधी ऐकूच आले नाहीत, म्हणून देवनागरीत आलेच नाहीत. उलटा त्रास होतो तो इंग्रजी मेल लिहिताना, आमच्या ऑफिसात निम्मे लोक बेसिकलीचं स्पेलिंग ए-एल गाळून करतात आणि खाली लाल रेघ आली की कीबोर्डला शिव्या घालतात.

रूपिका

लोकलभाऊंनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या रकान्याचं मी सांगते.

सिलॅबल म्हणजे उच्चाराचा तुकडा, त्याला अर्थाशी काही देणंघेणं नाही. 'रक्' ला काय अर्थ आहे? काहीच नाही. वर्ड पार्ट म्हणजे अर्थ असणारा सगळ्यात लहान तुकडा, आम्ही त्याला रूपिका म्हणतो, शाळेच्या व्याकरणात शब्दसिद्धीच्या धड्यात उपसर्ग, प्रत्यय, मूळ शब्द म्हणून जे असतं साधारण तेच. उसाचं उदाहरण घ्या, पेरं निसर्गाने पाडलेली असतात आणि कोयता मात्र चरकात मावेल तिथे चालतो, दोन्ही एकाच जागी पडले तर तो योगायोग. तुझ्या लेकीने कोयत्याचे तुकडे पेरांच्या रकान्यात लिहिले म्हणून तिथली काट बरोबर आहे ताई, ती मान्य कर.

आता पेरं कुठे आहेत? पुढे 'अन्', नकाराचा उपसर्ग, आपल्या 'अनपेक्षित'मधल्या अन् चा लांबचा नातेवाईकच, दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. मग 'कॅरॅक्टर', मूळ शब्द. मग 'इस्टिक', याने विशेषण होतं, कॅरॅक्टरिस्टिक. शेवटी 'ली', याने क्रियाविशेषण होतं. आणि मध्ये तो 'अल'. एकूण पाच, उत्तर म्हणून असं लिहायचं: अन् + कॅरॅक्टर + इस्टिक + अल + ली.

काही पुस्तकांत 'इस्टिक' चे 'इस्ट' आणि 'इक' असे दोन करून सहा दाखवतात. मला ते पटत नाही. टूरिस्ट असतो तसा 'कॅरॅक्टरिस्ट' कुणी नसतो. ग्रीकमध्येच 'खराक्तेरिस्तिकोस' असं अख्खं विशेषण तयार होतं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, त्यामुळे इंग्रजीपुरतं बोलायचं तर 'इस्टिक' एकसंध धरलेलं बरं.

टवाळ_बोका

सिलॅबल ७ किंवा ८, पार्ट ५ किंवा ६. गणिताच्या पेपरात असं लिहिलं असतं तर पास झालो असतो.

खिळेजुळारी

रूपिका, बाकी मान्य पण तो 'अल' मला खटकतो. 'इस्ट' काढून टाकलास कारण कॅरॅक्टरिस्ट नावाचा शब्द नाही. मग त्याच न्यायाने 'कॅरॅक्टरिस्टिकल' तरी कोण म्हणतं? 'बेसिकल' कोण म्हणतं? अल पण काढ की.

रूपिका

काका पकडलंत. यावर आमच्यातही एकमत नाही, दोन्ही बाजू सांगते.

एक बाजू म्हणते की 'इक'ने संपणारी विशेषणं पूर्वी 'इकल' अशीपण असायची, काही अजून आहेत, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल. पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत ट्रॅजिकल वगैरे पण सापडतं. क्रियाविशेषण बनलं ते या लांब रूपावरून, नंतर लांब विशेषण मागे पडलं आणि क्रियाविशेषणात त्याची खूण तेवढी उरली. म्हणून अल हा खरा तुकडा, आता नुसता नावापुरता.

दुसरी बाजू म्हणते आजच्या बोलणाऱ्याला इतिहास माहीत नसतो. त्याच्या डोक्यात नियम एवढाच, शब्द 'इक'ने संपला की 'ली'चं स्पेलिंग 'ॲली' होतं, बस. अर्थ तोच, वेश वेगळा. असं धरलं तर तुकडे चारच, अन् + कॅरॅक्टर + इस्टिक + ॲली. आणि तुमचा प्रश्न ऐकून मी या दुसऱ्या बाजूकडे झुकतेय. शाळेत मात्र अल वेगळा दाखवतात, स्पेलिंग लक्षात राहतं म्हणून असेल, मुलीने पाचच लिहावेत.

सहा_बावन्नची_लोकल

नियम आहे तर मग 'पब्लिकली'चं काय? तिथे ए-एल घातलं तर माझा बॉस खुणा करून परत पाठवतो.

रूपिका

तो अपवाद, पब्लिक ला सरळ एलवाय लागतो. ए-एल घातलेलं रूप काही कोशांत पर्याय म्हणून सापडतं पण लोक ते चूकच धरतात, तुमचा बॉस धरून.

वृत्तवेडा

उशिरा आलो पण हा धागा सोडवत नाही. रूपिका यांनी 'अनपेक्षित' चं नाव घेतलंच आहे तर त्याचंच क्रियाविशेषण करून बघा, अनपेक्षितपणे. आपल्या मराठीतही हाच घोळ आहे आणि जास्त देखणा आहे.

घटक पाडले तर अन् + अपेक्षित + पणे. आता अक्षरं लिहा, अ, न, पे, क्षि, त, प, णे. सात. आता सांगा, उपसर्ग कुठे संपला? 'न' या अक्षरातला न् उपसर्गाचा आणि त्यातला अ पुढच्या अपेक्षितचा. म्हणजे सांधा एका अक्षराच्या पोटातून गेलाय, कागदावर रेघ ओढायला जागाच नाही. इंग्रजीत निदान दोन अक्षरांच्या मध्ये तरी रेघ मारता येते.

आणि बोलताना? मी तरी 'अन्-पेक्-शित्-प-णे' म्हणतो, पाचच. पण श्लोकात बसवायचा तर सातच्या सात मोजावे लागतात, ल ल गा ल ल ल गा. अक्षरगणवृत्ताला तुमच्या बोलण्यातली काटकसर चालत नाही, लिहिलेला प्रत्येक स्वर पूर्ण म्हटलाच पाहिजे. म्हणून कविता म्हणताना आपण 'अनपेक्षित' मधला न पूर्ण उच्चारतो आणि भाजीवाल्याशी बोलताना गिळतो.

पाटीपेन्सिल

वृत्तवेडा, मी आत्ता हनुवटीखाली हात धरून अनपेक्षितपणे म्हणून बघितलं, मला सहा आले. अ-न-पेक्-शित्-प-णे. सासूबाई विचारतायत दात दुखतोय का.

वृत्तवेडा

सहाही होतात, तुम्ही न पूर्ण म्हणताय. कुठल्या गावच्या आणि किती घाईत आहात त्यावर आहे ते.

म्हापशेकार

शेवटच्या 'ली' बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. हा ली जुन्या इंग्रजीतल्या 'लीच' म्हणजे शरीर या शब्दापासून आला. अमक्या शरीराचा, म्हणजे अमक्या रूपाचा, म्हणजे तसा, अशी वाट. इंग्लंडात जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर घातलेलं फाटक असतं, लिचगेट म्हणतात, प्रेत आत नेण्याआधी तिथे टेकवायचे, त्या नावातला 'लिच' तोच. 'लाईक' हा शब्दपण त्याच घरचा. जर्मनमध्ये 'लिश' होऊन बसलाय.

आणि गंमत म्हणजे लॅटिनच्या लेकीबाळी शरीराऐवजी मनाकडे गेल्या. लॅटिन 'मेन्ते' म्हणजे मनाने. पोर्तुगीजमध्ये क्रियाविशेषण असंच करतात, फेलिझमेन्ते म्हणजे सुदैवाने, मुळात आनंदी मनाने. आमच्या घरी आजीची पिढी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती रागावली की 'नातुरालमेन्ते!' म्हणायची, म्हणजे 'अर्थात!'. म्हणजे इंग्रज अंगाने करतो आणि पोर्तुगीज मनाने.

याचा तुकडे पाडण्याशी संबंध आहे बरं का. पोर्तुगीजमध्ये अशी दोन क्रियाविशेषणं मध्ये 'आणि' घालून जोडली तर पहिल्याचं मेन्ते गळतं, 'लेन्ता ए कुइदादोझामेन्ते', हळू आणि काळजीपूर्वक. शेवटी एकदाच मेन्ते लावून दोघांना पुरतं. म्हणजे तो प्रत्यय अजून अर्धा शब्दच आहे, सुटा होऊ शकतो. इंग्रजीत 'स्लो अँड केअरफुली' म्हणून दोघांना एक ली पुरवता येत नाही, तो पुरता चिकटलाय.

रूपिका

वा, हे मस्त. आणि मराठीतला 'पणे' पोर्तुगीजसारखा वागतो, "शांत आणि संयतपणे बोलला" यात पणे एकदाच आहे आणि दोघांना लागतो. 'पूर्वक' ला मात्र असं करता येईल का? "काळजी आणि विचारपूर्वक"... लोक लिहितात खरे, माझ्या कानाला अडखळतं.

एडिसनची_काकू

रूपिका, एक विचारायचं होतं, माझा मुलगा 'कॅरॅक्टर' म्हणताना जोर सुरुवातीला देतो, 'के'वर, आणि कॅरॅक्टरिस्टिक म्हणताना एकदम 'रिस्' वर. मी दोन्हीकडे सपाट म्हणते आणि तो हसतो.

रूपिका

काकू, हसू दे त्याला, पण युक्ती सोपी आहे. 'इक' हा प्रत्यय दादा आहे, तो लागला की जोर ओढून आपल्या आधीच्या सिलॅबलवर आणतो. फोटोग्राफ मध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफिक मध्ये 'ग्रा'वर. अपवाद आहेत, ॲरबिक, कॅथलिक, पॉलिटिक, लुनटिक यांच्यात तो काही हलवत नाही. पण बाकी बहुतेक ठिकाणी चालतं. आणि 'अन्' आणि 'ली' हे मात्र गरीब, ते लागल्याने जोर जागचा हलत नाही. म्हणून अख्ख्या अनकॅरॅक्टरिस्टिकलीत मुख्य जोर 'रिस्' वरच राहतो. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही म्हणून आपल्याला त्याची सवय नाही, आपण सगळ्या सिलॅबलना सारखंच वाढतो.

उपसर्ग आधी लागला की ली आधी, तेही ठरवता येतं. हा 'अन्' विशेषणाला लागतो, म्हणून आधी अन् + कॅरॅक्टरिस्टिक, 'नेहमीसारखं नसलेलं', आणि त्याला मागून ॲली. दुसऱ्या क्रमाने गेलं तरी हाताला तोच शब्द लागतो पण अर्थ तसा जुळत नाही. 'अनलॉकेबल' मध्ये तर दोन्ही क्रम चालतात आणि दोन वेगळे अर्थ निघतात, जे लॉकच करता येत नाही असं आणि ज्याचं लॉक उघडता येतं असं.

टवाळ_बोका

म्हणजे आमच्या सोसायटीचं गेट. दोन्ही अर्थांनी.

बरं ते राहू दे, मला सांगा त्या जगप्रसिद्ध लांबलचक शब्दाचं ॲडव्हर्ब होतं का, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटॅरियनिझम? ते विचारलं असतं वर्कशीटमध्ये तर मजा आली असती.

म्हापशेकार

होतं की, ओढूनताणून. मूळ शब्द २८ अक्षरांचा, त्यातलं इझम काढून इस्टिकली लावलं तर ३४ होतात. पण हा शब्द नुसता खेळ म्हणून जन्माला आला नाही. एस्टॅब्लिश्ड चर्च म्हणजे सरकारमान्य, राजाच्या छत्राखालचं चर्च. आयर्लंडमध्ये बहुसंख्य कॅथलिक आणि अधिकृत चर्च अँग्लिकन, म्हणून ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८६९ मध्ये कायदा करून तिथलं चर्च सरकारपासून तोडलं, १ जानेवारी १८७१ पासून ते लागू झालं. ते डिसएस्टॅब्लिशमेंट. त्याला विरोध करणारे ते अँटिवाले. वेल्सचा तसाच कायदा १९१४ चा, पण महायुद्धामुळे अंमल १९२० ला आला. इंग्लंडमध्ये मात्र अँटिवाले जिंकले म्हणायचे, तिथलं चर्च अजूनही राजाचंच आहे.

पेरं पाडायला हा शब्द सोपा आहे, अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम, सगळे एकापुढे एक डबे जोडल्यासारखे. आपला अनकॅरॅक्टरिस्टिकली दिसायला लहान पण त्रास जास्त देतो.

सहा_बावन्नची_लोकल

काका, आता तर कॉम्प्युटरच ओळ तोडतो, त्याला हे सगळं कुणी शिकवलं? त्याच्याकडे अख्खा शब्दकोश असतो का?

खिळेजुळारी

सगळा कोश ठेवायला त्या काळच्या मशीनला पोट कुठे होतं. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाच्या 'टेक' या मजकूर जुळवायच्या प्रणालीसाठी फ्रँक लिआंग नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डला पीएचडी केली, १९८३, विषयच हा, शब्द कुठे तोडायचा. त्याने कोशातल्या तुटलेल्या शब्दांवरून अक्षरांचे छोटे नमुने काढले, अमुक तीन-चार अक्षरं शेजारी आली की मध्ये तोडावं, अमुक आली की मुळीच तोडू नये, आणि तोडा-तोडू नका यांची मारामारी झाली की ज्याचा आकडा मोठा त्याचं ऐकायचं. असे ४४४७ नमुने. तेवढ्यावर कोशातल्या तोडण्याच्या जागांपैकी सुमारे ८९ टक्के सापडतात. बाकीच्या राहिल्या तर राहू द्या, पण चुकीच्या जागी तोडायचं नाही, हे धोरण. आमचे फोरमनही हेच म्हणायचे, पीएचडी न करता.

नमुन्यांना न जुमानणारे १४ शब्द वेगळे लिहून ठेवलेत. त्यात 'प्रेझेंट' आहे. भेटवस्तू असेल तर पीआरईएस नंतर तोडायचा आणि सादर करणे असेल तर पीआरई नंतर, आणि मशीनला अर्थ कळत नाही, म्हणून तो शब्द तोडूच नको असं सांगून ठेवलंय. 'प्रोजेक्ट'चंही तेच. आणि मघाशी म्हटलं तो एलवायचा नियम, टेकमध्ये इंग्रजीसाठी शेवटी निदान तीन अक्षरं पुढच्या ओळीवर गेली पाहिजेत असं ठरवलेलं आहे, त्यामुळे एलवाय एकटा कधीच पडत नाही.

अजून एक राहिलंच. हे ठिपके अमेरिकन कोशातले, ते कानाकडे बघून तोडतात. ब्रिटिश परंपरा पेरांकडे बघते. नॉलेज घ्या, अमेरिकन माणूस केएनओडब्ल्यूएल नंतर तोडतो कारण ऐकू 'नॉल्' येतं, ब्रिटिश पद्धतीत केएनओडब्ल्यू नंतर, आतला 'नो' अख्खा राहावा म्हणून. आमच्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं यायची आणि दोघंही समोरच्याला अडाणी समजायची. मला विचाराल तर ब्रिटिश पद्धत वाचायला सोपी, डोळा अर्थ धरून पुढच्या ओळीवर जातो.

एडिसनची_काकू

आणि या शब्दात सीएच चा उच्चार क कसा, हे पण तिला सांगा, नाहीतर 'अनचॅरॅक्टर' वाचेल. माझ्याने वाचला होता.

म्हापशेकार

ग्रीक शब्द म्हणून. ग्रीक 'खराक्तेर' म्हणजे कोरायचं हत्यार किंवा नाण्यावर उठवलेला ठसा. ठशावरून माणसाचा स्वभाव. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा एच नव्हताच, साधा सी होता, पुढे सोळाव्या शतकाच्या आसपास पंडितांनी ग्रीकची आठवण म्हणून एच परत घुसवला. उच्चार बिचारा होता तिथेच राहिला.

पाटीपेन्सिल

सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मी वहीत बाईंना चिठ्ठी लिहिलीये, की कोशात उच्चारातला शेवटचा स्वर कंसात आहे, त्यामुळे ७ आणि ८ दोन्ही चालावेत, आणि वर्ड पार्ट्सची काट आम्हाला मान्य आहे. सोबत कोशाचं पान प्रिंट काढून जोडलं. लेक म्हणते चिठ्ठी नको देऊ, वर्गात सगळे हसतील. बघू.

जाता जाता, याच वर्कशीटचा दुसरा शब्द उद्यासाठी आहे, डिसप्रपोर्शनेटली. तिने डिस्-प्र-पोर्-श-नट्-ली असे ६ केलेत, पार्ट्स मध्ये डिस + प्रपोर्शन + एट + ली. चालेल?

रूपिका

दोन्ही चालतील. फक्त बाईंच्या कोशात टीआयओएन एकत्र आणि एटीई वेगळा असे ठिपके असतील, तिच्या 'श' आणि 'नट्' शी ते जुळणार नाहीत, पण आकडा सहाच येतो म्हणून वाचली. आणि प्रपोर्शन फोडायला सांगितलं तर प्रो + पोर्शन, लॅटिनमध्ये 'प्रो पोर्तिओने' म्हणजे वाट्याप्रमाणे. एट चं स्पेलिंग ए-टी-ई पूर्ण लिहायला सांग, ली लागताना ई गळत नाही, पोरं तिथे मार्क घालवतात.